खऱ्या अशोकाची कलमं

विरार-नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांच्या कुंपणाशी ती सरळसोट, शेलाटी झाडं रांगेनं उभी असतात ना, त्यांना आपण अशोक म्हणतो. तोरणंही त्यांच्याच पानांची करतो. पण मैत्रिणींनो, तो खोटा अशोक, बरं का! सीतामाईचं नाव ज्याला चिकटलं, तो सीताअशोक निराळा. त्याचा डेरा पसरट, कोवळी पानं तांबूस, खाली लोंबणारी. आणि वसंतात जुन्या फांद्यांवर केशरी फुलांचे गुच्छ, जे पुढं लाल होत जातात.

बायकांच्या तक्रारींवर वैद्य अशोकारिष्ट देतात, ते याच्या सालीचं. सालीला मागणी एवढी, की रानातली झाडं सोलून निघाली. बुंध्याभोवतीची साल सगळी काढली की झाड उभ्याउभ्या वाळतं. १९९८ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत याची नोंद धोक्यात आलेलं झाड म्हणून झाली. त्याच्या नावावर खोट्या अशोकाची सालही विकली जाते, हे आणखी एक! औषध आपल्यासाठी, म्हणून झाडही थोडंफार आपल्यापायीच गेलं. मग एखादं लावायला काय हरकत आहे?

बी ताजं मिळालं तर उत्तमच. पण ते फार दिवस टिकत नाही. छाट कलम मात्र घरी करून पाहता येतं. वसईच्या वाड्यांतली पानवेल कांड्यांवरच वाढते, तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. फक्त अशोक पानवेलीइतका समजूतदार नाही.

पावसाळा लागला की ओळखीच्या बागेतल्या झाडाची फांदी मागून आणावी. तुंगारेश्वरच्या अभयारण्यात मात्र कात्री नेऊ नये! फांदी पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून. वीतभराचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार चाकूनं तिरका. वरचं एक पान ठेवून तेही निम्मं छाटावं, कारण मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहतं आणि काडी सुकते. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत बुडवावं, रोपवाटिकेत मिळते. हिच्यावाचून सीताअशोक सहसा दाद देत नाही. निम्मी धुतलेली रेती, निम्मा नारळाचा भुसा भरलेल्या कुंडीत काडी खोचून वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घालावी आणि कुंडी सावलीत ठेवावी. रेती समुद्राची नको, बोअरचं खारट पाणीही नको. पावसाचं साठवलेलं घालावं, तेही बेतानं. चिखलात काडी कुजते.

महिन्याभरात पालवी फुटली म्हणून हुरळू नका. काडी स्वतःतल्या साठ्यावरही पालवते. मी अशीच फसले, मुळं पाहायला काडी उपटली आणि होत्या त्या दोन पांढऱ्या मुळ्याही तोडून बसले. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळं डोकावेपर्यंत हात लावायचा नाही. दोन-तीन महिने लागतात, आणि बऱ्याच काड्या जातातच. म्हणून एकदम दहा-बारा लावाव्यात. जमल्यास दोन-तीन वेगवेगळ्या झाडांच्या घ्याव्यात. एकाच झाडाच्या काड्या म्हणजे तेच झाड पुन्हापुन्हा. एकावर रोग आला तर सगळ्यांवर येणार.

जगलेलं रोप पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावावं, इमारतीची दुपारची सावली पडेल अशा बाजूला.