कॅम सॉफ्टवेअर : किंमत, सीट आणि हात

संगणकावर आरेखित केलेला यंत्रभाग आणि तो धातूतून प्रत्यक्ष कापून काढणारे सीएनसी यंत्र यांच्यामधला दुवा म्हणजे कॅम सॉफ्टवेअर. टूलने कोणत्या वाटेने, किती वेगाने आणि किती खोल कापत जायचे हे ते ठरवते. या वाटेला टूलपाथ म्हणतात, आणि तो टूलपाथ विशिष्ट यंत्राच्या कंट्रोलरला समजेल अशा जी-कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाला पोस्ट-प्रोसेसर, कारखान्यातल्या बोलीत नुसते 'पोस्ट', म्हणतात. १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अंकीय नियंत्रणाच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले ते हवाई दलाच्या पैशावर, आणि यंत्राला सूचना देण्यासाठी त्याच दशकात तेथे घडलेली एपीटी ही भाषाही विमानांच्या अवघड वक्र भागांसाठीच होती. त्यामुळे हे सॉफ्टवेअर जन्मतःच श्रीमंतांघरचे ठरले. आज मात्र ते लाखो रुपयांपासून फुकटापर्यंत प्रत्येक किमतीत मिळते, आणि म्हणूनच 'सर्वांत लोकप्रिय कोणते' हा प्रश्न दिसतो तितका सरळ उरलेला नाही.

सर्वांत वरच्या थरात द'सो कंपनीचे कॅटिया आणि सीमेन्सचे एनएक्स ही नावे येतात. पाचही अक्षांवर एकाच वेळी चालणारे यंत्रण, टूल आणि फिक्स्चर (यंत्रभाग पक्का धरून ठेवणारी पकड) यांच्या टकरीची आगाऊ तपासणी आणि आरेखनात बदल होताच टूलपाथही बदलणे या सोयींसाठी त्यांची किंमत मोजली जाते. तरीही येथे निवड पुष्कळदा वापरणाऱ्याची नसते, कारण विमान किंवा मोटार बनवणारी मोठी कंपनी ज्या प्रणालीत आरेखने पाठवते तीच प्रणाली पुरवठादाराला घ्यावी लागते. याला लोकप्रियता म्हणण्यापेक्षा गिऱ्हाइकाचा हुकूम म्हणणे अधिक खरे.

खरी चुरस मधल्या थरात आहे. अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या आणि २०२१ पासून सँडविक या स्वीडिश समूहाच्या मालकीच्या मास्टरकॅमचे नाव सीटच्या, म्हणजे एका वापरकर्त्यासाठी दिलेल्या परवान्यांच्या, मोजणीत १९९४ पासून अग्रभागी राहिले आहे. पण तीच मोजणी पैशांत केली की महाग सीट विकणाऱ्यांचे पारडे जड होते. मास्टरकॅमच्या यशाचे मोठे कारण त्याच्या गणितात नसून वर्गखोलीत आहे. तंत्रशाळांमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला जे सॉफ्टवेअर येते तेच कारखानदार विकत घेतो, आणि कारखानदार जे वापरतो तेच शिकवणीवर्ग शिकवतात, असे हे चक्र एकदा फिरू लागले की प्रतिस्पर्ध्याने किंमत कमी करूनही ते सहजी थांबत नाही. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यातील जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखान्याला प्रोग्रामर सोडून गेल्यास दुसरा मिळेल का, ही चिंता परवान्याच्या किमतीइतकीच मोठी असते. शिवाय फॅनुक, सीमेन्स आणि हायडेनहाइन या कंट्रोलरांच्या बोली वेगवेगळ्या असल्याने पोस्ट सदोष असेल तर उत्तम टूलपाथही एंडमिल हे कापणारे टूल मोडतो, क्वचित ते फिरवणाऱ्या स्पिंडललाही इजा करतो.

याच थरातील कॅमवर्क्सचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. मूळ अमेरिकेतले हे सॉफ्टवेअर गोदरेज समूहातून उभ्या राहिलेल्या, मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या जिऑमेट्रिक कंपनीकडे आले आणि पुढे त्या कंपनीसह एचसीएलकडे गेले. सॉलिडवर्क्स या आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या २०१८ च्या आवृत्तीपासून त्यात जे कॅम मिळू लागले त्याचा गाभा कॅमवर्क्सचाच आहे. म्हणजे ते वापरणाऱ्या पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसेल. लोकप्रियतेच्या कोणत्या रकान्यात हे घालायचे?

खालच्या थरात हौशी कारागीर, लाकडी नक्षीकाम करणारे आणि नवे कारखानदार येतात. ऑटोडेस्कच्या फ्यूजनने या थरात मोठी जागा मिळवली ती व्यक्तिगत वापरासाठीच्या मोफत परवान्यामुळे. २०२० मध्ये कंपनीने त्या परवान्यातून टूलची आपोआप अदलाबदल, बहुअक्षीय यंत्रण आणि जलद सरकणे काढून घेतले, तेव्हा कापत नसतानाही टूल कापण्याच्याच सावकाश गतीने सरकू लागले, आणि मोफत वस्तूचा मालक कोण हे वापरणाऱ्यांना नीट कळले. फ्रीकॅडची वाट निराळी आहे, कारण त्याचा कोड खुला असल्याने दिलेली सोय परत घेता येत नाही. टूलवरचा भार एकसारखा ठेवत साहित्य काढणारी 'अॅडॅप्टिव्ह' पद्धत, जी महागड्या सॉफ्टवेअरांची शान समजली जाते, तीही त्यात आहे. मात्र आपल्या यंत्राचा पोस्ट तपासण्याचे काम बहुतेक वेळा वापरणाऱ्यालाच करावे लागते.

या साऱ्या मोजणीतून चोरीच्या प्रती निसटतात, आणि डाउनलोड करून कधीच न उघडलेल्या प्रती मात्र मोजल्या जातात. पहिल्यांमुळे महाग सॉफ्टवेअरचा वापर आहे त्याहून कमी दिसतो, दुसऱ्यांमुळे फुकट सॉफ्टवेअरचा अधिक. म्हणून तीन अक्षांच्या व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या यंत्रावर, साधे जॉब करणाऱ्याने क्रमवारीच्या मागे लागू नये. विक्रेत्याकडून आपल्याच कंट्रोलरचा पोस्ट मागून घ्यावा, आपल्याच यंत्रावर एक जॉब कापून पाहावा, आणि ते सॉफ्टवेअर येणारी माणसे आपल्या गावात किती आहेत याची चौकशी करून मगच पैसे मोजावेत.