जिना तोच, मग दम का लागतो?

सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालणारी माणसेही तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकू लागतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीला अंगाचे सगळे वजन वर उचलावे लागते. त्यामुळे मांड्यांच्या स्नायूंना लगेच जास्त प्राणवायू हवा असतो. हृदय आणि फुप्फुसांना मात्र ती मागणी पुरवायला एक-दोन मिनिटे लागतात. तोवरची उधारी वर पोचल्यावर फेडली जाते. म्हणून थांबल्यावरही थोडा वेळ धाप चालूच राहते.

या श्रमाचा फायदा काय, याचा एक जुना पुरावा लंडनच्या दुमजली बसमधला आहे. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देण्यासाठी सतत वर-खाली करत. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. नोकरीला लागतानाच चालकांच्या कमरेचा घेर जास्त असे, हेही मॉरिस यांनी पुढे दाखवले. त्यामुळे सगळे श्रेय पायऱ्यांना देता येणार नाही. पण हालचाल आणि हृदय यांचे नाते पुढच्या अनेक अभ्यासांत पक्के झाले.

जिन्याचा दुसरा उपयोग अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याची उंची बदलत नाही, म्हणून तो घरचे मोजमाप ठरतो. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर ‘दोन मजले न थांबता चढता का?’ असे विचारतात, ते याचसाठी. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्याला कालपर्यंत कुठे थांबावे लागत नव्हते आणि आज कुठे थांबावे लागते, हे नेमके सांगता येते. हा फरक महत्त्वाचा. महिन्यापूर्वी सहज चढलेला जिना आता जड जात असेल, तर ‘वय झाले’ म्हणून लिफ्ट धरू नये. आधी तपासणी करावी. कारण हृदयाचे किंवा फुप्फुसांचे असू शकते, तसेच रक्तक्षयाचेही. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. साध्या हिमोग्लोबिन तपासणीत तो कळतो.

चढताना छातीत दाब जाणवला, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे गेले, दरदरून घाम फुटला किंवा चक्कर आली, तर तिथेच बसावे. बसूनही त्रास थांबला नाही, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. थांबल्यावर बरे वाटले, तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.

बाकीच्यांनी एका मजल्यापासून सुरुवात करावी. बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे, पाऊल पायरीवर पूर्ण टेकवावे, कठड्याला हात ठेवावा. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. गुडघ्यांना उतरणेच अधिक जाचते, तेव्हा जिन्याने वर जाऊन लिफ्टने खाली येण्यात कमीपणा नाही.