क्युबन सिगारचे आस्वादन व मूल्यमापन

क्युबन सिगारचे आस्वादन म्हणजे क्युबात पिकलेल्या तंबाखूपासून त्याच देशात हाताने वळलेल्या सिगारची बांधणी, ओढ, ज्वलन, गंध, चव आणि कडकपणा यांची ठरावीक क्रमाने केलेली पारख होय. ही पारख दोन ठिकाणी होते. कारखान्यात माल बाजारात जाण्यापूर्वी पगारी परीक्षक नमुने ओढून पाहतात. कारखान्याबाहेर नियतकालिके, व्यापारी आणि हौशी ग्राहक तीच तपासणी आपापल्या परीने करतात. दोन्हीकडचे निकष बहुतांशी सारखे असले, तरी त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. सिगार सरळ जळते की वाकडी, तिच्यातून धूर सहज येतो की अडतो, हे कोणालाही तपासता येते. तिची चव उत्तम आहे की मध्यम, हा निर्णय मात्र ओढणाऱ्याच्या अनुभवावर आणि पुष्कळदा सिगारवरील कागदी पट्टीच्या नावावर अवलंबून असतो. मराठीत सिगारसाठी रूढ असलेला ‘चिरूट’ हा शब्द गुंडाळी या अर्थाच्या तमिळ शब्दावरून आला आहे. क्युबन सिगारसाठी जगभर ‘हवाना’ किंवा स्पॅनिशमध्ये ‘आबानो’ ही संज्ञा वापरली जाते.

‘आबानो’ ही संरक्षित उगमदर्शक संज्ञा आहे. तंबाखू कोठे पिकला आणि सिगार कोठे व कशी वळली गेली, एवढेच ती सांगते. चवीची हमी तीत अंतर्भूत नाही, हे मूल्यमापन वाचताना लक्षात ठेवावे लागते.

तंबाखूची पाने आणि मिश्रण

क्युबातील सर्वाधिक नावाजलेला तंबाखू देशाच्या पश्चिमेकडील पिनार देल रिओ प्रांतात, वुएल्ता अबाहो या भागात पिकतो. सान लुइस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांभोवतीची शेते त्यात अग्रगण्य मानली जातात. सिगारमध्ये तीन प्रकारची पाने असतात : आतील भरणाची पाने (त्रिपा), भरण बांधून ठेवणारे पान (कापोते) आणि बाहेरचे आवेष्टन (कापा). आवेष्टनाची रोपे कापडी मांडवाखाली वाढवतात. त्यामुळे पान मोठे, पातळ व गुळगुळीत होते. भरणाची पाने उघड्या उन्हात वाढतात.

चवीचा मुख्य भाग भरणातून येतो आणि तो पान रोपावर किती उंचीवर होते यावर ठरतो. तळाकडील ‘वोलादो’ पाने सौम्य असून चांगली जळतात. मधली ‘सेको’ पाने गंध देतात. शेंड्याकडील ‘लिगेरो’ पाने जाड, कडक व सावकाश जळणारी असतात, म्हणून ती नेहमी मध्यभागी घातली जातात. ती कडेला सरकली, तर सिगार एका बाजूने मागे राहते. काही रोपांवर अगदी टोकाला ‘मेदियो तिएम्पो’ नावाची आणखी पाने येतात. २०१० साली बाजारात आलेल्या कोहिबा बेइके मालिकेत त्यांचा वापर केलेला आहे. या पानांचे प्रमाण प्रत्येक नाममुद्रेसाठी वेगळे असते. ओयो दे मोन्तेर्रे ही नाममुद्रा सौम्य, तर बोलिवार आणि पार्तागास या कडक समजल्या जातात. कडकपणा म्हणजे गुणवत्ता नव्हे. नवख्या ओढणाऱ्यांच्या वर्णनांत या दोन गोष्टींची वारंवार गल्लत आढळते.

तोडणीनंतर पाने सुकवून ढिगाऱ्यांत आंबवली जातात. या किण्वनात अमोनिया बाहेर पडतो, तुरटपणा कमी होतो आणि निकोटिनचे प्रमाणही काहीसे घटते. हे काम घाईने झाल्यास सिगारला उग्र, नाकात झोंबणारा वास राहतो व तो पेटवण्यापूर्वीच ओळखू येतो.

कारखान्यातील परीक्षण

सिगार वळणाऱ्या कारागिरास ‘तोर्सेदोर’ म्हणतात. लाकडी फळी, अर्धचंद्राकार पाते आणि टोकाची टोपी चिकटवण्यासाठी बेचव डिंक एवढ्या साधनांवर हे काम चालते. काम चालू असताना मोठ्याने वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा हवानातील कारखान्यांत १८६५ पासून आहे आणि २०१२ मध्ये तिला क्युबाच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोन्तेक्रिस्तो या नाममुद्रेचे नाव अशाच वाचनातील अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीवरून पडले, असे सांगितले जाते.

वळलेल्या सिगारची लांबी, जाडी, वजन आणि घट्टपणा तपासला जातो. जाडीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. पन्नास मापाची, १२४ मिलिमीटर लांबीची ‘रोबुस्तो’ सुमारे २० मिलिमीटर जाड असते, तर ‘चर्चिल’ या नावाने परिचित आकार ४७ मापाचा आणि १७८ मिलिमीटर लांब असतो. १९९०च्या दशकात मागणी एकाएकी वाढली आणि उत्पादन घाईने वाढवले गेले. तेव्हा धूरच न येणाऱ्या, आतून कोंबलेल्या सिगारींच्या तक्रारी फार झाल्या. त्यानंतर कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आणण्यात आली. आवेष्टन चढवण्यापूर्वीच भरणातून हवा किती सहज वाहते हे ती दाखवतात, त्यामुळे दोष असलेली गुंडाळी मोडून पुन्हा बांधता येते.

यंत्रानंतरचे काम ‘कातादोर’ या परीक्षकाचे. तो नमुन्यादाखल काढलेल्या सिगारी ओढून ओढ, ज्वलन, गंध, चव आणि कडकपणा नोंदवतो. त्याचा प्रश्न ‘ही सिगार आवडली का’ असा नसून ‘ही सिगार आपल्या नावाप्रमाणे आहे का’ असा असतो. सौम्य नाममुद्रेची सिगार कितीही रुचकर असली, तरी कडक निघाल्यास ती त्याच्या लेखी सदोष ठरते. कारखान्याबाहेरच्या परीक्षकांपाशी असे पक्के मोजमाप नसते.

डब्यात भरण्यापूर्वी सिगारी रंगछटांनुसार लावतात. गडद छटेची डावीकडे, फिकी उजवीकडे. ही मांडणी निव्वळ शोभेची असून एकाच डब्यातील गडद सिगार फिकीपेक्षा कडक असते, हा समज निराधार आहे.

पेटवण्यापूर्वीची तपासणी

आवेष्टनावर हलकी तेलकट झळाळी असावी, शिरा जाड नसाव्यात, चिरा नसाव्यात. बोटांनी हलके दाबत गेल्यास सर्वत्र सारखा लवचीकपणा जाणवावा. एखादी कठीण गाठ ओढ अडण्याची आणि पोकळ जागा सिगार तापून कडवट होण्याची सूचना देते. टोपी फक्त वरवर कापतात. काप खोल गेला तर आवेष्टन उलगडू लागते. त्यानंतर न पेटवता एक झुरका घेतात. या कोऱ्या झुरक्यात ओढीचा अंदाज येतो आणि कच्च्या पानाचा स्वाद कळतो. पेटवण्यासाठी गंधहीन ज्योत वापरली जाते, कारण पेट्रोलच्या लायटरचा किंवा मेणबत्तीचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो.

ओढ, ज्वलन आणि राख

धूर फुप्फुसांत न घेता तोंडात घोळवून सोडला जातो. साधारण मिनिटाला एक झुरका ही गती मानली जाते. त्याहून घाई केल्यास टोक अतितप्त होऊन धूर कडू होतो आणि हा दोष सिगारचा नसून ओढणाऱ्याचा असतो. जळती कड सर्व बाजूंनी एका रेषेत पुढे सरकावी. पानात पोटॅशियम पुरेसे असल्यास ज्वलन सुकर होते, तर क्लोराइड जास्त असल्यास सिगार विझू पाहते; म्हणून ज्वलनाच्या परीक्षेत शेताच्या मातीचीही परीक्षा होते. पांढरीशुभ्र, लांब टिकणारी राख हा उत्तम सिगारचा पुरावा मानण्याची रूढी मात्र अतिशयोक्त आहे. लांब राख अखंड पानांच्या भरणाची व चांगल्या बांधणीची खूण असते. तिच्या रंगावरून माती व पानातील खनिजांविषयी काही अनुमान करता येईल, चवीविषयी नाही.

चव आणि गंध

परीक्षणात सिगारचे तीन भाग मानतात आणि प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवतात. पहिल्या तिसऱ्या भागात चव मंद असते, मधल्यात ती भरते आणि अखेरच्या भागात कडकपणा वाढतो, कारण धुरातील काही घटक न जळलेल्या पानांत साठत जातात. फ्रेंच भाषेतील एक जुनी, काहीशी असभ्य उक्ती या तीन टप्प्यांना अनुक्रमे गवत, दिव्यत्व आणि शेणखत म्हणते. शेवटपर्यंत कडवट न होणारी सिगार दुर्मीळ, म्हणूनच तिसऱ्या भागाला परीक्षणात अधिक महत्त्व दिले जाते.

कोको, भाजलेली कॉफी, चामडे, लाकूड, मध, ओली माती हे शब्द परीक्षणांत नेहमी येतात. यांतील कोणतीही वस्तू सिगारमध्ये घातलेली नसते. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी ओळखते. बाकी सारे घशातून मागच्या मार्गाने नाकात पोहोचणाऱ्या गंधाचे काम असते. म्हणूनच अनुभवी परीक्षक थोडासा धूर नाकावाटे सोडतात. भाजलेल्या वासाच्या वर्णनांना काही रासायनिक आधार आहे : पाने आंबताना व जळताना शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून पायराझीन वर्गातील संयुगे तयार होतात आणि तीच कॉफी व कोको भाजतानाही निर्माण होतात. मात्र ही शब्दावली मुख्यतः वाईनच्या परीक्षणातून उचललेली आणि युरोपीय स्वयंपाकघरातली आहे. ज्याने त्या वस्तू कधी हुंगल्या नाहीत, त्याला ती वर्णने फारसे काही सांगत नाहीत.

गुणांकन आणि नावाचा प्रभाव

१९९२ मध्ये मार्विन शँकन यांनी अमेरिकेत ‘सिगार अफिसिओनादो’ हे नियतकालिक सुरू केले आणि वाईनसाठी रूढ झालेली शंभर गुणांची पद्धत सिगारला लावली. त्यात रूप व बांधणीस १५, चवीस २५, ओढ-ज्वलनादी गुणधर्मांस २५ आणि एकूण प्रभावास ३५ गुण असतात. सर्वांत मोठा वाटा सर्वांत अस्पष्ट निकषाला आहे, ही गोष्ट नजरेत भरते. मूळ पट्टी काढून परीक्षकास केवळ सांकेतिक क्रमांक दिला जातो. या नियतकालिकाच्या वार्षिक क्रमवारीत २०१० साली कोहिबा बेइके ५२ आणि २०१३ साली मोन्तेक्रिस्तो क्रमांक २ या क्युबन सिगारी पहिल्या आल्या. इतर अनेक वर्षी हा मान निकाराग्वा किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सिगारींना मिळाला आहे.

नाव झाकण्याची गरज वाईनच्या एका प्रयोगातून चांगली समजते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीच वाईन अधिक किंमत सांगून दिल्यावर सहभागींना ती अधिक चांगली वाटली. क्युबन सिगारच्या बाबतीत किमतीखेरीज दुर्मीळतेचे वलयही आहे. अमेरिकेने फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावर व्यापारबंदी लादल्यापासून ही सिगार तेथे निषिद्ध वस्तू झाली. वैयक्तिक वापरासाठी ती नेण्यावरील मर्यादा २०१६ मध्ये सैल झाल्या आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. शिवाय १९६०च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक कारखानदार देशाबाहेर गेले आणि जुनी नावे इतरत्र वापरली जाऊ लागली. अमेरिकेत विकली जाणारी मोन्तेक्रिस्तो किंवा कोहिबा ही क्युबन नव्हे. परीक्षणात केवळ नाममुद्रा लिहून देश न लिहिल्यास ते परीक्षण निरुपयोगी ठरते.

अस्सलपणा व साठवण

बनावट मालाचे प्रमाण मोठे असल्याने मूल्यमापनाआधी अस्सलपणाची तपासणी करावी लागते. डब्यावरील हिरवी शासकीय हमीपट्टी १९१२ पासून वापरात आहे. डब्याच्या तळाशी ‘क्युबात निर्मित’ आणि ‘संपूर्णपणे हाताने’ या अर्थाचे स्पॅनिश शिक्के, तसेच कारखान्याचा संकेत, महिना व वर्ष असते. यांतील ‘संपूर्णपणे हाताने’ हा शिक्का १९८९ पासूनचा आहे. काचेचे झाकण असलेला, पर्यटकांना स्वस्तात विकला जाणारा डबा जवळजवळ नेहमीच बनावट असतो.

सिगार सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. त्यासाठीच्या पेट्यांचे ‘स्पॅनिश देवदार’ हे लाकूड खऱ्या देवदाराचे नसून कडुनिंबाच्या कुळातील वृक्षाचे असते. तापमान वाढल्यास तंबाखूतील भुंगेऱ्याची अंडी उबतात आणि आवेष्टनाला बारीक भोके पडतात.

आरोग्य

धूर फुप्फुसांत घेतला जात नाही, म्हणून सिगार निर्धोक असते हा समज चुकीचा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरते. रिकाम्या पोटी कडक सिगार ओढणाऱ्यास घाम, मळमळ व भोवळ येते ती त्यामुळेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिगारचा संबंध तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांशी असल्याचे नोंदवले आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. गुणांकनाच्या कोणत्याही प्रचलित पद्धतीत या बाबीसाठी रकाना नाही. हवानात भरणाऱ्या वार्षिक सिगार महोत्सवाच्या अखेरीस सिगारींनी भरलेल्या शोभिवंत पेट्यांचा लिलाव होतो आणि त्याचे उत्पन्न क्युबाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला दिले जाते.