पोरांचे संगीत नाटक

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, हा क्रम येथील श्रोत्यांना सांगावयास नको. वडशाला ठाणे असलेल्या मंडळ्या गावोगाव जातात. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत संवाद, नाच नि गाणी चालतात. या रात्रींत एक दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहात आलो आहोत. आईच्या मांडीवर पोर झोपलेले असते. पेटी-तबला सुरू झाला की ते डोळे उघडते, गाणे संपेपर्यंत टक लावून पाहते, आणि संवाद सुरू झाला की पुन्हा झोपी जाते. नाटक त्याच्यासाठी लिहिलेलेच नव्हते. गाणे मात्र त्याला आपले वाटले.

मग त्या पोरासाठीच लिहिलेले संगीत नाटक का नसावे? आणि असावे तर ते कसे घडते? आज एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

पोरांची गोष्ट बहुधा चित्रांच्या पुस्तकात असते. पानावर चार ओळी आणि बाकी सारे चित्र. अशा पुस्तकाचे दीड तासाचे नाटक करावयाचे म्हणजे पहिली अडचण अशी की, पुस्तक वाचणारे मूल आपल्या मर्जीने थांबते; आवडलेले पान पुन्हा उलटून पाहते. रंगमंचावरचा प्रसंग कुणासाठी थांबत नाही. चित्र जे काम मुकाट्याने करते, ते काम येथे दुसऱ्या कुणीतरी केले पाहिजे. ते गाणे करते. गाण्यात धृपद पुन्हा पुन्हा येते, म्हणजे मुलाला पान उलटून मागे जाता येते, असेच म्हणा ना!

याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत घडले. आर्नोल्ड लोबेल (१९३३–१९८७) या चित्रकार-लेखकाने १९७० ते १९७९ या काळात फ्रॉग आणि टोड या दोन मित्रांची चार छोटी सचित्र पुस्तके केली. जात दोघांची बेडकाचीच. एक सडपातळ नि हिरवा, दुसरा बुटका नि तपकिरी. एक समजूतदार, दुसरा कुरकुऱ्या. प्रत्येक पुस्तकात पाच गोष्टी. लोबेलची कन्या एड्रियान ही रंगमंचाची नेपथ्यकार. तिच्या पुढाकाराने विली रीएल व रॉबर्ट रीएल या बंधूंनी या गोष्टींचे संगीत नाटक रचले. २००२ साली ते मिनियापोलिसच्या बालरंगभूमीवर आले आणि २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले.

पण सुट्या सुट्या गोष्टींचे एक नाटक कसे व्हावे? येथे रचनाकारांनी केलेली युक्ती पाहण्याजोगी आहे. पुस्तकात एक गोष्ट अशी आहे की, टोडला कधी कुणाचे पत्र येत नाही म्हणून तो दु:खी असतो. फ्रॉग गुपचूप घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि ते पोचविण्यास गोगलगाईकडे देतो. गोगलगाईच ती! पत्र पोचायला चार दिवस लागतात. नाटकात हीच गोगलगाय ऋतूमागून ऋतू पत्र घेऊन चालत राहते आणि मधूनमधून प्रेक्षकांना भेटते. पुस्तकात जिला जेमतेम जागा होती, ती नाटकाचा दोरा झाली. बाकीच्या गोष्टी त्यात मण्यांसारख्या ओवल्या गेल्या. आपल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या कामगारालाही ही गोगलगाय ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट काटकसरीची. हे सारे नाटक पाच नट उभे करतात. दोघे मित्र झाले की उरलेले तिघे पक्षी, उंदीर, कासव, गोगलगाय असे सगळे होतात. ब्रॉडवेवर ते जेमतेम दोन महिने चालले. पण पुढे शाळांतून आणि लहान शहरांच्या नाट्यगृहांतून त्याचे प्रयोग होत राहिले. मोठ्या शहरात जे टिकले नाही ते लहान गावांनी जगविले, हे आपण ध्यानात ठेवावे.

मराठीला हा मार्ग नवा नाही. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'चे २०१८ साली नव्याने प्रयोग सुरू झाले, तेव्हा हातात मोबाईल घेऊन वाढलेल्या मुलांनी नाट्यगृहे भरून टाकली. तेव्हा 'आजची मुले नाटकाला येतील काय?' हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. खरा प्रश्न असा आहे की, नाटक मुलांपर्यंत येईल काय? मुंबई-पुण्याचे मूल तिकीट काढून जाते. घुग्घुसच्या खाणकामगाराचे किंवा धानोऱ्याच्या मजुराचे मूल कोठे जाणार?

आणि येथेच आम्हाला झाडीपट्टीचे बळ दिसते. अमेरिकेतल्या रचनाकारांना जे जुळवावे लागले, ते आपल्याकडे तयार आहे. दंडार आणि खडी गंमत यांतून आलेला नट गातो, नाचतो आणि एका रात्रीत दोन-तीन सोंगेही वठवितो. वादक आहेत, मंडप आहे, फिरण्याची सवय आहे. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तो या साऱ्या कलेचा गौरव होता. उणीव आहे ती संध्याकाळी पाच वाजता, त्याच मंडपात, तासा-दीड तासाच्या पोरांच्या खेळाची. गोष्ट आपल्या जंगलातली असावी, बोली झाडीची असावी. ज्या घरात गोंडी किंवा माडिया बोलतात, त्या घरच्या मुलाला प्रत्येक शब्द कळला नाही तरी ताल कळतो आणि धृपद तोंडी बसते. शाळेची भाषा ज्याला परकी वाटते, त्याला गाण्यातून ती प्रथम आपली वाटू लागेल.

एक अट मात्र आम्ही घालू, कारण आमचा जन्म मजुरीच्या हिशेबात गेला आहे. संध्याकाळचा खेळ हा वेगळा खेळ आहे; त्याची नाइट कलावंताला वेगळी मिळाली पाहिजे. पोरांचे काम म्हणून त्याने ते फुकट करावे, असे कुणी म्हणू नये. रात्रभर जागणाऱ्या माणसाला संध्याकाळीही राबवायचे तर त्याच्या विसाव्याचाही विचार झाला पाहिजे. हा पैसा गावाच्या नाटक समितीने, ग्रामपंचायतीने आणि आमच्यासारख्या संघटनांनी मिळून उभा करावा. पाच नट आणि तीन वादक यांचा खर्च साऱ्या गावाला जड नाही.

मांडीवरचे ते पोर गाण्यापुरते जागे होते. त्याला अख्खे नाटक जागेपणी पाहता यावे, एवढेच आमचे मागणे आहे.