माल चांगला, पण वेस दुसऱ्याच्या ताब्यात
नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या झगड्यातून आपल्या व्यापाऱ्यांनी काय घ्यावे?

माल चांगला ठेवा, भाव वाजवी ठेवा, जबान पाळा, गिऱ्हाईक कुठे जात नाही, असे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो आहोत. यात खोटे काहीच नाही. मात्र हा नियम एका अटीवर चालतो. गिऱ्हाइकाला आपल्या दुकानापर्यंत येण्याची वाट मोकळी असली पाहिजे. ती वाटच प्रतिस्पर्ध्याच्या मालकीची असेल तर उत्तम मालाचेही काय होते, याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्या सॉफ्टवेअर धंद्यात १९९५ नंतरच्या काही वर्षांत घडले. कॉम्प्युटर हा आपला विषय नव्हे असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. या हकिकतीत यंत्रे थोडी आणि व्यापार जास्त आहे.

पंचाहत्तर हजार डॉलरचा सौदा

१९८१ साली आयबीएम या बलाढ्य कंपनीने घरगुती व कार्यालयीन वापराचा छोटा संगणक बाजारात आणला. संगणक सुरू होताच प्रथम जागा होणारा आणि बाकीच्या सर्व प्रोग्रॅमना कामाला लावणारा एक मूळ प्रोग्रॅम लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ती पुरवण्याचे काम आयबीएमने मायक्रोसॉफ्ट या त्या वेळच्या लहान कंपनीला दिले. बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी १९७५ साली ही कंपनी काढली होती. मायक्रोसॉफ्टकडे तयार माल नव्हता. तिने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून तो एकूण सुमारे ७५ हजार डॉलरला घेतला, सुधारला आणि आयबीएमला दिला. पण सौदा करताना एक हक्क हातात राखून ठेवला. हाच माल इतर कंपन्यांना विकण्याची मुभा तिने सोडली नाही.

नफा यंत्रात आहे, अशी आयबीएमची समजूत होती. पुढे आयबीएमसारखीच यंत्रे शेकडो कारखानदार बनवू लागले आणि त्या प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टच्या दारात जावे लागले. यंत्र कोणाचेही असो, आत माल मायक्रोसॉफ्टचाच.

यानंतरचा करार ध्यानात घेण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने यंत्र बनवणाऱ्यांना सांगितले की, तुम्ही जितकी यंत्रे विकाल तितक्यांचे पैसे आम्हाला द्या, मग त्यात आमची सिस्टीम घाला किंवा न घाला. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे चटकन समजेल. सुताच्या व्यापाऱ्याने, "तुझ्या कारखान्यात जितके माग चालतील तितक्यांचे पैसे मला दे, सूत मग कोणाचेही वापर," असे म्हटले तर दुसऱ्याचे सूत घेणार कोण? एकाच मालाचे दोनदा पैसे कोणी देत नाही.

अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने याची चौकशी केली. १९९३ साली आयुक्तांची मते दोन विरुद्ध दोन अशी अडली आणि प्रकरण न्यायखात्याकडे गेले. १९९४ साली तडजोड होऊन असे करार बंद करण्याचे मायक्रोसॉफ्टने कबूल केले. विंडोज विकताना त्याच्यासोबत दुसरा माल घेण्याची सक्ती करायची नाही, हेही मान्य केले. परंतु त्याच कलमाच्या शेवटी एक वाक्य होते. एकजीव केलेला माल तयार करण्यास मनाई समजू नये, अशा अर्थाचे. पुढची चार वर्षे सारा तंटा त्या एका वाक्यावर झाला.

नेटस्केपचा उदय

१९९४ साली जिम क्लार्क व मार्क अँड्रीसन यांनी नेटस्केप ही कंपनी काढली. इंटरनेटवरची पाने उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ब्राउझर, हा तिचा माल. तो वापरायला सोपा होता आणि झपाट्याने पसरला. ९ ऑगस्ट १९९५ रोजी कंपनीचा शेअर २८ डॉलरला विक्रीस आला आणि त्याच दिवशी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. १९९६ च्या सुमारास दर दहा वापरणाऱ्यांपैकी सातांहून अधिक लोकांकडे नेटस्केप होता.

मायक्रोसॉफ्टला चिंता वाटली ती ब्राउझरच्या चार पैशांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठीच लिहीत होते, कारण गिऱ्हाईक तिथे होते. गिऱ्हाईक विंडोजच घेत होते, कारण प्रोग्रॅम तिथे होते. हे चक्र तिच्या मक्तेदारीचा पाया होते. उद्या लोकांची कामे ब्राउझरमधूनच होऊ लागली तर खाली विंडोज आहे की दुसरे काही, याला महत्त्व उरणार नव्हते. हा धोका गेट्स यांनी ओळखला आणि मे १९९५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना लांबलचक टिपण पाठवून कंपनीची दिशा फिरवली. इंटरनेट एक्सप्लोरर हा स्वतःचा ब्राउझर कंपनीने काढला आणि फुकट वाटला.

वेशीवरचा पहारा

इथवर ही साधी स्पर्धा होती. पुढे जे झाले ते न्यायालयात कागदोपत्री सिद्ध झाले आहे.

संगणक विकत घेणारा माणूस सहसा त्यात आधीच घातलेले सॉफ्टवेअर वापरतो. म्हणून संगणकाचा कारखानदार हीच गिऱ्हाइकाकडे जाण्याची पहिली वेस. कॉम्पॅक ही त्या काळची मोठी कंपनी. तिने आपल्या काही यंत्रांच्या पडद्यावरून इंटरनेट एक्सप्लोररचे चिन्ह काढले. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने तिला विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस दिली. विंडोजवाचून कॉम्पॅकचे यंत्र घेणार कोण? चिन्ह परत आले.

खुद्द आयबीएमची गत याहून बोलकी आहे. आयबीएमकडे विंडोजशी स्पर्धा करणारा स्वतःचा माल होता आणि तो मागे घ्यायला ती तयार नव्हती. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ चा समारंभ सुरू होण्याच्या अवघी १५ मिनिटे आधी तिला परवाना मिळाला. मोसमाची तयारी करायला तोवर उशीर झाला होता. ज्या कंपनीने मायक्रोसॉफ्टला उभे केले, तिलाच चौदा वर्षांनी तिच्या उंबरठ्यावर ताटकळावे लागले.

दुसरी वेस म्हणजे इंटरनेटची जोडणी देणाऱ्या कंपन्या. त्यांतली मोठी अमेरिका ऑनलाइन. १९९६ साली मायक्रोसॉफ्टने तिला विंडोजच्या पडद्यावर जागा दिली आणि बदल्यात तिच्या लाखो गिऱ्हाइकांकडे इंटरनेट एक्सप्लोरर गेला. १९९७ साली ॲपल कंपनी अडचणीत असताना मायक्रोसॉफ्टने तिच्यात १५ कोटी डॉलर घातले. त्याच करारात ॲपलच्या यंत्रांवरही इंटरनेट एक्सप्लोरर पहिला ब्राउझर ठरला. नेटस्केपचा माल वाईट झाला नव्हता. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या सोप्या वाटा मात्र एकेक करून बंद होत गेल्या.

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपनेही आपला ब्राउझर फुकट करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती अमेरिका ऑनलाइनला विकली जाण्याचे ठरले. नेटस्केप विकत घेऊनही अमेरिका ऑनलाइनने आपल्या गिऱ्हाइकांना इंटरनेट एक्सप्लोररच देणे चालू ठेवले, कारण विंडोजच्या पडद्यावरची जागा गमावणे तिला परवडत नव्हते.

स्वस्त देणे हा गुन्हा नव्हे

येथे आपल्यातला एखादा व्यापारी विचारील की, गिऱ्हाइकाला वस्तू फुकट मिळाली, त्यात वाईट काय? प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्टचा बचावही हाच होता. अपील न्यायालयाने ब्राउझर फुकट देण्याबद्दल तिला दोषी धरले नाही. मोठे होणे व स्वस्त देणे हा गुन्हा नाही. दोष ठरला तो कारखानदारांना व जोडणी देणाऱ्यांना अटींनी बांधून दुसऱ्याचा माल बाहेर ठेवण्याचा.

आणि फुकटाचा हिशेबही पुढे लागलाच. प्रतिस्पर्धी संपल्यावर २००१ साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि सातवी यायला २००६ उजाडले. पाच वर्षे जगातल्या बहुसंख्य लोकांनी तेच जुने, चोरट्यांना सहज फोडता येणारे सॉफ्टवेअर वापरले.

कचेरी आणि राजकारण

मार्च १९९८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे गेट्स यांची साक्ष झाली. अध्यक्ष ओरिन हॅच हे युटा राज्याचे होते आणि मायक्रोसॉफ्टची जुनी प्रतिस्पर्धी नोव्हेल त्याच राज्यातली, हेही विसरू नये. राजकारण्यांचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला गेला. नेटस्केपचे प्रमुख जिम बार्क्सडेल यांनी सभागृहात संगणक वापरणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. मग मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमवाचून तो कोण वापरतो असे विचारले, तेव्हा एकही हात वर राहिला नाही.

१८ मे १९९८ रोजी न्यायखात्याने आणि वीस राज्यांनी खटला भरला. पुढच्याच महिन्यात, १९९४ च्या तडजोडीतील त्या पळवाटेच्या वाक्याच्या आधारे मायक्रोसॉफ्टने जुना तंटा अपिलात जिंकला. पण नवा खटला चालू राहिला. त्यात तिला सर्वांत जड गेली ती तिचीच ई-मेल. गेट्स यांच्या जबानीचे चित्रीकरण कोर्टात दाखवले गेले, तेव्हा तोंडची उत्तरे आणि आधी लिहून पाठवलेले शब्द यांचा मेळ बसेना. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ७ जून २००० रोजी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला.

तो हुकूम टिकला नाही. खटला चालू असताना न्यायाधीशांनी पत्रकारांशी खासगीत बोलणी केली होती. २८ जून २००१ रोजी अपील न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी बेकायदा मक्तेदारीचा ठपका कायम ठेवला, पण तुकड्यांचा हुकूम रद्द केला आणि जॅक्सन यांना प्रकरणातून दूर केले. दरम्यान सरकार बदलले होते. बुश सरकारच्या न्यायखात्याने सप्टेंबर २००१ मध्ये तुकड्यांची मागणी सोडली आणि नोव्हेंबरात तडजोड केली. निम्म्या राज्यांनी ती नाकारली, तरी २००२ साली न्यायालयाने ती बव्हंशी मान्य केली. कारखानदारांवर सूड उगवायचा नाही, मोठ्या कारखानदारांना एकसारख्या अटींवर परवाना द्यायचा, अशी बंधने २०११ पर्यंत राहिली.

नेटस्केपला यातून काय मिळाले? २००३ साली मायक्रोसॉफ्टने अमेरिका ऑनलाइनच्या मालक कंपनीला ७५ कोटी डॉलर देऊन तिचा दावा मिटवला. नेटस्केप ब्राउझर २००८ साली बंद झाला. न्याय झाला, पण ज्याच्यावर अन्याय झाला तो तोवर बाजारातून उठला होता.

फायदा मागून येणाऱ्यांचा झाला. नेटस्केपने खुल्या केलेल्या सॉफ्टवेअरमधून फायरफॉक्स जन्मला. १९९८ सालीच सुरू झालेली गुगल, मायक्रोसॉफ्टवर कोर्टाचा पहारा असल्यामुळे बिनधोक वाढली, असे मानणारे पुष्कळ आहेत. आणि वाढलेल्या गुगलने पुढे वेस ताब्यात ठेवण्याची तीच रीत धरली. फोन व ब्राउझरवर आपला शोध पहिला राहावा म्हणून तिने एकट्या २०२१ सालात २६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम इतर कंपन्यांना दिली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या न्यायालयाने तिलाही बेकायदा मक्तेदार ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये असे एकट्यापुरते करार करण्यास तिला मनाई झाली, कंपनीचे तुकडे मात्र झाले नाहीत.

आपल्या पेठेत

आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि त्याखाली दिल्लीत स्पर्धा आयोग आहे. अँड्रॉइड फोनवर आपलेच ॲप लादल्याबद्दल या आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला सुमारे १३३८ कोटी रुपये दंड केला आणि अपिलात तो कायम राहिला. आयोगाकडे तक्रार करायला बडी कंपनीच असावी लागते असे नाही. कोणीही व्यक्ती किंवा व्यापारी संघटना ती करू शकते. दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा हुकूम निघाला होता. संघटनेचा उपयोग ईदमिलन व सत्कारापुरता नसतो, हे आपल्या मंडळींनी यातून घ्यावे.

आज कोल्हापुरी चपला करणारा, सोलापूरची चादर विणणारा, कोकणातला आंबेवाला, सारेच थोडाफार माल मोबाइलवरून विकू लागले आहेत. ते करू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या वेशीतून धंदा करताना चार गोष्टी पाळाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

गिऱ्हाइकाचे नाव व नंबर आपल्या वहीत ठेवा, कंपनीच्या पडद्यावर सोडून देऊ नका. सगळा माल एकाच दारातून काढू नका, निदान तिसरा हिस्सा आपल्या हातचा ठेवा. सही करण्यापूर्वी कराराचे शेवटचे वाक्य आधी वाचा, आणि "इतरांना माल देणार नाही" असे कलम असेल तर त्याची किंमत मागून घ्या. बोलणी झाली की ती कागदावर आणा व तो कागद जपा. ज्या मायक्रोसॉफ्टला कोणी हलवू शकत नव्हते, तिला तिच्याच जुन्या चिठ्ठ्यांनी कोर्टात उभे केले.

कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण तो पोहोचेपर्यंत दुकान उघडे राहील अशी तजवीज ज्याची त्यालाच करावी लागते.