फॉलोअर किती, हा पहिला प्रश्न नव्हे

वाचनालयासाठी समाजमाध्यम निवडताना कार्यकारिणीत बहुधा एकच प्रश्न निघतो: तिथे माणसे किती? पानाला जितके फॉलोअर, तितक्यांना आपली सूचना दिसते, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर कोणाला काय दिसावे, हे अल्गोरिदम (वापरणाऱ्याचा कल पाहून मजकुराचा क्रम लावणारी संगणकीय रीत) ठरवतो. म्हणून पाहायची ती ‘रीच’, म्हणजे मजकूर प्रत्यक्ष किती जणांसमोर आला तो आकडा. सभासद-नोंदवहीत हजार नावे असली, तरी पुस्तक बदलायला येणारे वेगळे मोजावे लागतात, तसेच हे. पान चालवणाऱ्याला हा आकडा फुकट दिसतो, फक्त तो उघडून पाहण्याची सवय नसते.

खासगीपणाचा मुद्दा माझ्या मते याहून मोठा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये १०२४ जणांना घेता येते, पण सभासदांचे मोबाइल क्रमांक सहसा एकमेकांना दिसतात. महिला आणि विद्यार्थी सभासदांना हे नकोसे वाटू शकते. भारतात २०२३ मध्ये आलेल्या चॅनेलवर (चालकाने कळवायचे, इतरांनी वाचायचे, अशी सोय) फॉलोअरांचे क्रमांक एकमेकांपासून झाकलेले राहतात. चर्चेला मात्र तिथे फारसा वाव नाही.

नवी पुस्तके आणि सुटीचे दिवस एवढेच कळवायचे असेल, तर चॅनेल पुरेसे आहे. ग्रुपच हवा असेल, तर प्रत्येक सभासदाची संमती आधी घ्या आणि खाते वाचनालयाच्या क्रमांकावर काढा, कर्मचाऱ्याच्या नव्हे.