कोडं रचणारीचा रविवार

पहाटे साडेपाच

घर जागं व्हायच्या आत चौकट मांडून घ्यायची, हा माझा रविवारचा नेम. एका साप्ताहिकासाठी मी मराठी शब्दकोडं रचते. अकरा आडव्या, अकरा उभ्या ओळी, आणि काळी घरं अशी पेरलेली की कागद उलटा धरला तरी नक्षी तीच दिसावी. पेन्सिल, खोडरबर आणि चौकटींची वही एवढंच साहित्य.

आज मधल्या ओळीत ‘महाराष्ट्र’ बसवायचा आहे. घरं चार : म, हा, रा, ष्ट्र. पहिल्या तिघांची चिंता नाही. चौथ्या घरातून उभा शब्द कसा न्यायचा? ‘ष्ट्र’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ‘राष्ट्रीय’ आणि ‘राष्ट्राध्यक्ष’ कामाचे नाहीत, कारण तिथे ‘ष्ट्री’ आणि ‘ष्ट्रा’ येतात. म्हणजे हे घर उभ्या शब्दाच्या मधलं किंवा शेवटचं हवं : राष्ट्रपती, सौराष्ट्र, धृतराष्ट्र किंवा उष्ट्र. पहिल्या तिघांत ‘राष्ट्र’ पुन्हा येतं आणि एका कोड्यात तोच शब्द दोनदा मला चालत नाही. ‘उष्ट्र’ म्हणजे उंट, पण हा शब्द आज किती जणांच्या कानावर आहे? अर्धा तास खटपट करून मी त्या घराच्या वर आणि खाली काळी घरं टाकली. ते घर आता फक्त आडव्या शब्दाचं.

इंग्रजी कोडं रचणाऱ्याच्या हाताशी २६ अक्षरं असतात. आपल्याकडे व्यंजनांची बाराखडीच चारशेच्या वर जाते, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे दोन शब्द एकमेकांना छेदतात ती जागा मराठीत फार अवघड मिळते आणि चौकटीत काळी घरं जास्त लागतात. सोडवणाऱ्याला मात्र याचा फायदा होतो : छेदातून एक घर मिळालं की व्यंजन आणि मात्रा दोन्ही हाती येतात.

साडेसात

चहा, पोहे, वर्तमानपत्रं. घरात एकच अंक येत असल्यामुळे आजचं कोडं सासूबाई आधी सोडवतात, पेनानं. मी त्यांच्या खांद्यावरून बघते, बोलत मात्र नाही.

नऊ

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश टेबलावर येतो. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून त्याचे सात खंड काढले. कोडं रचणाऱ्याला याच्याइतका चांगला सोबती नाही, पण त्याच्याशी सावधपणे वागावं लागतं. त्यातलं लेखन १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं आहे. तिथे ‘गति’ आणि ‘बुद्धि’ ऱ्हस्व, आपण लिहितो दीर्घ. उच्चारात नसलेले अनुस्वारही तिथे भेटतात. गद्य वाचताना हा फरक डोळ्यांना सवयीचा होऊन जातो. कोड्यात ‘ति’ आणि ‘ती’ ही दोन वेगळी घरं आहेत आणि छेदणारा शब्द लगेच अडतो. काही कोड्यांखाली ‘ऱ्हस्व-दीर्घ क्षम्य’ अशी तळटीप असते. मला ती कधीच पटली नाही. सोडवणाऱ्याकडून अचूकपणा मागायचा आणि स्वतः सवलत घ्यायची, हे बरोबर नाही.

अकरा

आता शोधसूत्रं. दिवसाचं खरं काम हे.

नेहमीच्या कोड्यात सूत्र असतं : ‘पाणी (२)’. उत्तर जल, नीर, तोय यांपैकी कुठलंही असू शकतं. सोडवणारा तीन शब्द मनात धरून बसतो आणि छेदणारं अक्षर मिळेपर्यंत थांबतो. त्याला काही चुकतंय असं नाही, रचणाऱ्यानंच त्याला पुरेसं दिलेलं नाही. म्हणून मी शक्य तिथे दुपदरी सूत्र करते. एका पदरात शब्दाचा अर्थ, दुसऱ्यात शब्दाची बांधणी. दोन्ही एकाच ठिकाणी पोचले की उत्तर बरोबर आहे हे सोडवणाऱ्याला स्वतःलाच कळतं, पुढच्या अंकाची वाट बघावी लागत नाही.

उदाहरणार्थ : ‘दगड, दर्प आणि चतुर्थीचा प्रत्यय, तिथून पुणेकरांचं पाणी येतं (६)’. खडक, वास, ला. खडकवासला. किंवा ‘नवीन निशा आली की घट बसतात (४)’. नव आणि रात्र. ‘नदी उलटी फिरली, बिचारा! (२)’ याचं उत्तर दीन. ‘उलटसुलट कसंही वाचा, गांधीजींचं साप्ताहिक तेच (५)’ म्हणजे नवजीवन. मराठीत शब्द असे उलटे फिरवायचे तर अक्षर मात्रेसकट उचलावं लागतं, आणि त्यातूनच ‘विकता’ हा शब्द हलवला की ‘कविता’ निघते. अशी जागा सापडली की तो दिवस चांगला जातो.

ही कला आपल्याला परकी नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, त्यातलं एक ‘निरोष्ठ’, म्हणजे ओठ न मिटता म्हणता येणारं. इतक्या कडक अटीत लिहिणाऱ्या कवीच्या भाषेत दुपदरी सूत्रं जमणार नाहीत, असं म्हणायला मी तयार नाही.

दुपारी तीन

जेवण आणि डुलकी आटोपून आयडियल कॉलनीला मेट्रो पकडली. वनाझ ते रामवाडी ही मार्गिका थेट कल्याणीनगरला नेते. तिथल्या एका पबात कोडी रचणाऱ्या-सोडवणाऱ्या आमच्या गटाची आज भेट होती. डेक्कननंतर गाडी मुठेच्या काठानं जाते, तेवढ्या वेळात शेजारच्या बाकावरचे दोघे कॉलेजकुमार फोनवर इंग्रजी कोडं सोडवताना ऐकले. एक सूत्र वाचायचा, दुसरा अक्षरं मोजायचा. आज लोक कोड्याशी जोडले जातात ते बहुधा असेच, पडद्यावरून. २०१३पासून चालणाऱ्या इंडियन क्रॉसवर्ड लीगच्या प्राथमिक फेऱ्याही इंटरनेटवर होतात. आमचा गटही असाच जमला. एकमेकांना टोपणनावांनी ओळखत होतो, सूत्रांच्या वळणावरून माणूस ताडत होतो, चेहरा मात्र कुणाचा माहीत नव्हता.

चार ते सात

भेटायला पब का? गटातला एक जण काही वर्षं लंडनला होता. तिकडे कोडी रचणारे आणि सोडवणारे पबात एकत्र बसतात, तेव्हा आपणही बसू, असं त्यानं सुचवलं. शिवाय फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलात रविवारी टेबल मिळालं तरी मागे रांग उभी असते, तिथे तीन तास बसणं बरं दिसत नाही. पबात दुपारी चारला संगीत सुरू झालेलं नसतं आणि मोठं टेबल मिळतं. कुणापुढे बिअर, कुणापुढे लिंबू सोडा, मसाला शेंगदाणे सगळ्यांत. हिंजवडीतला संगणक अभियंता, निवृत्त बँक अधिकारी, मराठीच्या शिक्षिका, वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलगी. या सगळ्यांना दुसऱ्या कुठल्या निमित्तानं मी एका टेबलाशी बघितलं नसतं.

रिवाज असा की प्रत्येकानं एक सूत्र आणायचं आणि बाकीच्यांनी ते तपासायचं. अभियंत्याचं पहिलं : ‘गाडीखाली ओझं, तरी राज्य चालतं (४)’.

“कारभार,” मुलगी लगेच म्हणाली.

“उत्तर छान आहे रे,” शिक्षिका म्हणाल्या, “पण ‘राज्य चालतं’ हे वाक्य झालं आणि ‘कारभार’ हे नाम आहे. अर्थाचा पदर नामालाच जुळला पाहिजे. ‘गाडीखाली ओझं ठेवून राज्य चालवणं’ असं कर.”

“आणि हा शब्द उभाच घाल,” मी म्हटलं. “आडव्यात कार भाराच्या शेजारी असते. वर असते ती उभ्यात.”

त्यानं दोन्ही दुरुस्त्या लिहून घेतल्या. मग बँकेतल्या काकांनी आपलं वाचलं : ‘सुमन गटबाजीत लपवते घड्याळ बांधायची जागा (४)’. टेबल शांत झालं. सगळे ‘सुमन’कडे बघत होते. शेवटी मुलीला दिसलं : सु-मन गट-बाजीत. मनगट! मुलगी म्हणाली, “काका, ‘गटात’ लिहिलं असतं तर ‘ट’चा ‘टा’ झाला असता.” काकांनी त्याचसाठी ‘गटबाजी’ निवडली होती. तीन तासांत सगळ्यात मोठी दाद या सूत्राला मिळाली आणि ती योग्यच होती.

कुणीतरी म्हणालं, पुढच्या वेळी बक्षीस ठेवू. तेव्हा काका जे बोलले ते इथे नोंदवायलाच हवं. आपल्याकडे एके काळी बक्षिसांची कोडी जोरात चालत. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातली आर.एम.डी.सी. कोडी तेव्हाच्या मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर भरली जात. उत्तर आधीच सीलबंद ठेवलेलं असे, आपलं त्याच्याशी जुळलं तर पैसे. मुंबई सरकारनं त्यावर कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ९ एप्रिल १९५७ला सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या घटनापीठानं निकाल दिला की ही स्पर्धा म्हणजे जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. केंद्राचा १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदाही त्याच दिवशी तपासला गेला. महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घालणारा हा कायदा जुगारी स्पर्धांनाच लागू आहे, कौशल्याच्या स्पर्धांना नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

मला यात रचणाऱ्याची सगळी जबाबदारी दिसते. एका सूत्राला दोन शब्द सारखेच लागू पडत असतील आणि बरोबर कुठला हे फक्त सीलबंद पाकिटाला माहीत असेल, तर तो नशिबाचा खेळ. सूत्र नीट वाचणारा माणूस विचार करून एकाच शब्दापाशी पोचत असेल, तर ते कोडं.

मग नावांवर बोलणं आलं. ‘द गार्डियन’ १९७०पासून कोड्यावर रचणाऱ्याचं टोपणनाव छापतो. तिथले अरौकारिया, म्हणजे पाद्री जॉन ग्रॅहम, यांनी वयाच्या ९१व्या वर्षी, जानेवारी २०१३मध्ये, आपल्याला कर्करोग झाल्याचं वाचकांना कळवलं ते कोड्याच्या उत्तरांतून. अनेक वर्षांचं नाव ओळखीचं होतं म्हणूनच हे शक्य झालं. आपल्याकडे ‘द हिंदू’साठी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी निवृत्तीनंतर कोडी रचत, आज तिथे रचणाऱ्यांची टोपणनावं छापली जातात. मराठीत बहुतेक कोड्यांखाली काहीच नसतं. सासूबाई रोज ज्याच्याशी अर्धा तास झुंजतात तो माणूस कोण, हे त्यांना माहीत नाही.

रात्री साडेनऊ

घरी येऊन सकाळच्या चौकटीची उरलेली सूत्रं पुरी केली. ‘महाराष्ट्र’चं सूत्र शिक्षिकांच्या कसोटीवर पुन्हा घासलं आणि बदललं. कोडं संपादकांना पाठवलं, सोबत एक विनंती : यापुढे चौकटीखाली माझं टोपणनाव छापावं.

हीच विनंती मराठी दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या सगळ्या संपादकांना आहे. कोडं कुणी रचलं ते छापा, टोपणनाव चालेल. आणि सोडवणाऱ्यांनो, एखादं सूत्र दोन उत्तरांना सारखंच लागू पडत असेल तर गप्प बसू नका, त्या नावानं पत्र पाठवा.